ज्ञानाची भिशी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचे निमंत्रण देताना तुमच्या चिटणीसबाईंनी मला एकच अट घातली होती. विषय बायकांच्या उपयोगाचा हवा. मी विषय कळवला, "गावोगावची विज्ञान-मंडळे एकमेकांशी जोडण्याचे काम". तो ऐकून तुमच्यापैकीच एक आक्का म्हणाल्या, "अवो बाई, ते सायन्स पोरांचं. त्यात आमचा काय संबंध?" आक्कांचा प्रश्न रास्त आहे. संबंध आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

आधी या विज्ञान-मंडळांची आजची स्थिती पाहू. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. १९२८ साली त्या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रख्यात शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून आपण तो दिवस पाळतो. त्या दिवशी शाळाशाळांतून फळे रंगतात, प्रदर्शने मांडली जातात, पुठ्ठ्याचे ज्वालामुखी धूर सोडतात. एखादे उत्साही गुरुजी किंवा बाई असल्या, तर विज्ञान-मंडळही स्थापन होते. मार्च महिन्यात परीक्षा येतात. जूनमध्ये बाईंची बदली होते, मंडळाचा हुशार चिटणीस दहावीला जातो आणि त्याच्यामागे शिकवण्या लागतात. दिवाळीपर्यंत कपाटाला कुलूप लागलेले असते, आणि पुढच्या फेब्रुवारीत किल्ली शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. मंडळ बंद पडले ते साहित्य नव्हते म्हणून, असे मला क्वचितच दिसले. बंद पडत ती एका वेगळ्याच कारणाने. त्यांच्या कामाची वाट पाहणारे कोणी नसे.

हे कारण शिवाजी पेठेला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पेठेत तालमींची आणि तरुण मंडळांची वानवा नाही. फुटबॉल तर आपल्या घराघरांत आहे. आता असे समजा की कोल्हापुरात फक्त शिवाजी तरुण मंडळाचाच संघ आहे, समोर पाटाकडील तालमीचा संघ नाही, दुसरा कोणताच संघ नाही, शाहू स्टेडियमवर सामने नाहीत. आपली मुले किती दिवस पहाटे उठून सराव करतील? चार दिवस करतील, पाचव्या दिवशी झोपून राहतील. समोर दुसरा संघ आहे, सामन्याची तारीख ठरलेली आहे, म्हणून सराव होतो. विज्ञान-मंडळांना नेमका हाच दुसरा संघ मिळत नाही. प्रत्येक मंडळ आपल्या अंगणात एकटेच चेंडू खेळत बसते आणि कंटाळून घरी जाते.

ही अडचण आजची नाही आणि तिच्यावर इलाज शोधणारी माणसेही आपल्याकडे पूर्वीपासून झाली. १९२८ साली पुण्याहून 'सृष्टिज्ञान' हे मराठी मासिक सुरू झाले. विज्ञानाची गोडी असलेला एखादा मास्तर खेड्यात एकटा असला, तरी दरमहा पोस्टाने येणाऱ्या त्या अंकामुळे आपल्यासारखी माणसे इतरत्र आहेत हे त्याला कळे. १९४४ साली पुण्यातच हौशी आकाशनिरीक्षकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने मराठीतून विज्ञान सांगण्याचे व्रत घेतले, पत्रिका काढली, आणि दरसालची अधिवेशने निरनिराळ्या गावी भरवली, म्हणजे त्या त्या गावची मंडळी एकमेकांना भेटावीत.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तर केरळात १९६२ साली केरळ शास्त्र साहित्य परिषद निघाली आणि तिने विज्ञान खेडोपाडी नेले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि तो पुढे शेकडो शाळांत पसरला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मुलांना पडलेले प्रश्न त्यांनी पत्राने विचारावेत म्हणून तेथील कार्यकर्त्यांनी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले. खेड्यातील पोर पत्र लिही आणि सवालीरामाचे उत्तर त्याच्या नावावर टपालाने घरी येई. ज्या घरात कधी कुणाला पत्र येत नसे, तेथे दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने पत्र आले, तर त्या मुलाची मान किती ताठ होत असेल, याची कल्पना आपण आया करू शकतो. तो उपक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. तरी त्यातून घडलेले शिक्षक आणि पुस्तके मागे राहिलीच.

आणि आपल्या कोल्हापूरचे उदाहरण घ्यावयाचे तर जयंतराव नारळीकरांचे घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९३८ साली याच शहरात झाला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. व्याख्यान संपले की मुले त्यांच्याभोवती स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते मुलांना सांगत की स्वाक्षरी मागण्यापेक्षा पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी मिळेल. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण पोस्टकार्डाला उत्तर देणे हे तो आपले काम मानत होता. पलीकडच्या टोकाला कुणीतरी आपल्या प्रश्नाची वाट पाहत आहे, ही जाणीव मुलाला झाली की त्याचे अर्धे शिक्षण झाले, असे मी समजते.

आता पोस्टकार्डाची जागा मोबाईलने घेतली आहे. निरोप क्षणात जातो, छायाचित्र जाते, आवाज जातो. कोल्हापूरच्या मुलीला गडचिरोलीच्या मुलीशी बोलण्यास काही अडचण राहिलेली नाही. तथापि साधन आले म्हणजे जोडणी झाली असे नव्हे. फोनवरचे आपले समूह कशाने भरलेले असतात ते मी सांगायला नको. सकाळची फुले, देवांची चित्रे, आणि कुणी कुठे लिहिले याचा पत्ता नसलेली औषधे. एकत्र जमलेल्या माणसांना मिळून करावयाचे काम नसेल, तर गप्पा होतात. काम असेल, तर संघटना होते. तेव्हा काम कोणते, हा खरा प्रश्न. मी आज आपल्यापुढे तीन कामे ठेवते. तिन्ही एकट्या मंडळाने होत नाहीत, आणि तिन्हींना काठी, बाटली आणि वही यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

पहिले काम सावलीचे. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव आपण सर्वजणी जाणतो. जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी, आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ तारखांना, मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून वर सरकत जातात. वर्षातून दोनदाच का? २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडच्या टोकाला जाऊन परत फिरतो. त्या दिवसाच्या सुमारे चाळीस दिवस आधी तो ज्या जागी असतो, त्याच जागी तो सुमारे चाळीस दिवसांनी परत येतो. मंदिर बांधणाऱ्यांनी हे पाहून ठेवले होते. आपण नमस्कार करतो तेव्हा त्यांच्या या निरीक्षणालाही एक नमस्कार करावा.

याच सूर्याची दुसरी गंमत आपल्या अंगणात होते. रोज दुपारी सूर्य डोक्यावर येतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः कोल्हापुरात तो बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो. ६ मेच्या सुमारास आणि ६ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून मे महिना आपला. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात सरळ उभी केलेली काठी पाहा. तिची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. ही मौज आपले मंडळ एकटे पाहू शकेल, टाळ्या वाजवील आणि घरी जाईल.

पण त्याच दिवशी, त्याच वेळी, पुण्यातील एखाद्या मंडळाने एक मीटर उंचीची काठी उभी केली, तर तिची सावली नाहीशी होत नाही. ती सुमारे तीन सेंटीमीटर आणि वर दोन मिलिमीटर एवढी उरते. का? कारण पृथ्वी गोल आहे आणि पुणे आपल्या उत्तरेला आहे. आता घरच्या हिशेबाइतका सोपा हिशेब करा. एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचा घेर ६२८ सेंटीमीटर होतो. त्यात ३.२ सेंटीमीटर किती वेळा मावतात? जवळजवळ दोनशे वेळा. म्हणजे कोल्हापूर ते पुणे हे अंतर पृथ्वीच्या घेराचा दोनशेवा भाग झाले. नकाशावर सरळ रेघेने हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. दोनशे गुणिले दोनशे, चाळीस हजार. पृथ्वीचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटरच आहे!

भगिनींनो, सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्त देशात इराटोस्थेनिस नावाच्या विद्वानाने दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वी मोजली, ती याच रीतीने. त्याला जे साधले ते शिवाजी पेठेतील पाचवी-सहावीच्या मुलीला साधते, मात्र पुण्यात तिची एक मैत्रीण हवी. एकटीची काठी नुसती सावली दाखवते. दोघींच्या काठ्या पृथ्वी मोजतात. सावली दोन मिलिमीटर चुकली तर घेर सुमारे अडीच हजार किलोमीटरने चुकतो. मग सातारा जोडून घ्यावा. तेथे त्या दिवशी पावणेदोन सेंटीमीटर सावली पडेल. नाशिक जोडून घ्यावे. तेथे पावणेसहा पडेल. जितकी गावे जास्त तितकी एकीची चूक दुसरीच्या मोजणीने उघडी पडते. मंडळे जोडावयाची ती का, याचे याहून सोपे उत्तर मला ठाऊक नाही.

दुसरे काम पावसाचे, आणि ते अधिक निकडीचे आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण कुणीच विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर गेले. महामार्ग बंद पडला. उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, आणि गावात चोहीकडे पाणी असून प्यावयास पाणी नाही, म्हणून आपण घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिलो. त्या दिवसांत फोनवर जे निरोप फिरत त्यांतले खरे किती आणि खोटे किती, हे कुणालाच कळत नव्हते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, एवढे ऐकले की जीव टांगणीला लागे. दरवाजे उघडणे म्हणजे धरण भरल्याची नेहमीची खूण, की त्यापुढचे काही संकट, हा फरक आपल्याला कुणी समजावून दिलेला नव्हता.

आता विचार करा. आपली पंचगंगा काही रंकाळ्याच्या मागे उगवत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येते आणि तेथून तिला पंचगंगा म्हणतात. आपल्या दारात येणारे पाणी आधी राधानगरीला, गगनबावड्याला, पन्हाळ्याच्या डोंगरांत पडलेले असते. आणि या सभेत बसलेल्यांपैकी कितीतरी जणींची माहेरे कुठे आहेत? राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी, करवीर. माहेरी आपण रोज फोन करतो. आई जेवली का, म्हैस व्याली का, भाचा पास झाला का, सारे विचारतो. त्यात एकच प्रश्न वाढवा: काल किती मिलिमीटर पाऊस झाला?

मोजणे अवघड नाही. सरळ भिंतीची एक प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळ उंचसखल असतो, म्हणून तेथे खडे घालून एका खुणेपर्यंत पाणी भरावे आणि त्या खुणेपासून वर मोजपट्टी चिकटवावी. बाटली उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून दूर ठेवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा लिहावा आणि पाणी पुन्हा खुणेपर्यंत आणावे. हवामान खातेही पावसाचा दिवस सकाळी साडेआठलाच मोजते, म्हणून आपलीही वेळ तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लीटर पाणी. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेचार हजार लीटरहून अधिक पाणी उतरते. एका गच्चीचे हे, मग साऱ्या घाटमाथ्याचे किती होत असेल!

गगनबावड्याच्या शाळेतील मुले पाऊस मोजतील, राधानगरीच्या महिला मोजतील, आपण पेठेत मोजू, आणि राजाराम बंधाऱ्याची जाहीर होणारी पातळी शेजारच्या रकान्यात लिहू. दोन पावसाळे ही वही चालली म्हणजे घाटातला मोठा पाऊस किती तासांनी आपल्या नदीत दिसतो, हे आपल्याला आपल्याच आकड्यांवरून कळू लागेल. यामुळे सरकारी इशाऱ्याची गरज संपत नाही. घर सोडा असे प्रशासन सांगेल तेव्हा वही मिटून निघावयाचे, हे पक्के ध्यानात ठेवा. पण जी बाई रोज आकडा लिहिते ती निनावी निरोपाने घाबरत नाही, आणि खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्षही करीत नाही. हा फायदा थोडा नव्हे.

तिसरे काम स्वयंपाकघरातले. कमलाबाई सोहोनी यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना प्रथम प्रवेश नाकारण्यात आला, तो केवळ त्या मुलगी होत्या म्हणून. त्यांनी हट्टाने प्रवेश मिळवला, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच्. डी. मिळवली, विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढे मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली, तिच्यात कमलाबाईंनी उत्साहाने काम केले आणि भेसळ कशी ओळखावी हे गृहिणींना शिकवले. म्हणजे गृहिणींनी विज्ञान करणे ही काही नवी टूम नव्हे.

आपल्याकडे पाण्याचे काम मोठे आहे. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आहे काय, हे ओळखण्याची एक सोपी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली पुढे आणली. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवावे. काळे पडले तर पाणी संशयास्पद. काळे पडले नाही म्हणजे पाणी सर्वस्वी निर्दोष असे मात्र म्हणता येत नाही, आणि संशय आला तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा लागतोच. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे असे ठरलेले आहे. माहेरच्या गावी त्या पाच जणी कोण आहेत, हे विचारून घ्या. त्यांची वही आणि आपली वही शेजारी ठेवल्या, म्हणजे पावसाळा सुरू होताना कोणत्या आठवड्यात पाणी बिघडते ते दिसू लागेल. एका घरची बाटली काळी पडली तर लोक म्हणतील, बाईंनी भांडे नीट धुतले नसेल. वीस घरच्या बाटल्या एकाच आठवड्यात काळ्या पडल्या, तर असे म्हणण्याची सोय कुणालाच उरत नाही.

ही तीन कामे ऐकून आपल्या ध्यानात आले असेल की मी भिशीचेच वर्णन करीत आहे. भिशीत प्रत्येकीने आपला हप्ता टाकावयाचा आणि पाळी आली की सर्वांचा मिळून झालेला पैसा उचलावयाचा. येथे हप्ता एका आकड्याचा. पैशाच्या भिशीहून ही भिशी एका बाबतीत सरस आहे. येथे पाळीची वाट पाहावी लागत नाही. जी टाकते तिला त्याच दिवशी साऱ्यांचे मिळते. पण भिशीला जसे नियम लागतात, तसे हिलाही लागतील. ते मी थोडक्यात सांगते.

प्रश्न सर्वांचा एकच असावा, मोजण्याची रीत आणि वेळ एकच असावी. नाहीतर वाटीने मोजलेले आणि शेराने मोजलेले एकत्र करण्यासारखे होईल. जो आकडा दिसला तोच लिहावा. शेजारच्या गावाशी जुळत नाही म्हणून तो सारखा करू नये. न जुळणारा आकडाच कधीकधी काही नवे सांगतो. एखादा दिवस चुकला तर जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर जावे, निदान "शोधून सांगते" एवढे तरी जावे. आणि शहराने शिकवावे, खेड्याने ऐकावे, असा थाट नसावा. राजर्षी शाहूमहाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे उभारायला सुरुवात केली, कारण तेव्हा विद्येसाठी खेड्यातल्या मुलाला कोल्हापूरला येऊन राहावे लागे. आज पावसाच्या विषयात गगनबावड्याची मुलगी आपली गुरू आहे. आपण तिच्याकडे शिकावयाचे.

आणखी एक नियम अनुभवाचा आहे. जोडणी एकाच कचेरीवर टांगलेली नसावी. दिल्लीच्या विज्ञान प्रसार या संस्थेने १९९८ साली देशभरच्या विज्ञान-मंडळांचे 'विपनेट' नावाचे जाळे विणले. कोणतेही मंडळ नाव नोंदवू शके, त्याला साहित्य येई, वार्तापत्र येई. फार मोलाचे काम होते ते. पण २०२३ साली विज्ञान प्रसार ही संस्थाच बंद करण्यात आली. ज्या मंडळाची ओळख फक्त दिल्लीशी असेल, त्याला अशा वेळी पुन्हा एकटे पडल्यासारखे होणार. शेजारच्या चार मंडळांशी ज्याचे जाणे-येणे आहे, त्याला तितकी भीती नाही. म्हणून वरच्या संस्थांची मदत आनंदाने घ्यावी, पण धागा आपल्यातल्या आपल्यात घट्ट असावा. वहीसुद्धा एकीच्या हाती नको, दोघींच्या हाती असावी. एक बाळंतपणाला किंवा मुलाकडे परगावी गेली तर दुसरीने लिहावे.

येथे कुणी विचारील की हे सारे शाळेने का करू नये? शाळेने करावेच. आपल्या शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढून, मूल स्वतः पाहून आणि करून कसे शिकते हे दाखवून दिलेले आहे. पण शाळेतल्या बाई बदलतात, मुले पुढे जातात, आणि मंडळ मात्र जागेवर राहते. आपले मंडळ इतकी वर्षे टिकले, ते काही कुणाच्या हुकमाने टिकले नाही. हळदीकुंकू, भोंडला, भिशी, आजारपणातला डबा, या सर्वांतून आपल्याला माणसे धरून ठेवण्याची विद्या आलेली आहे. विज्ञान-मंडळांना जी विद्या कमी पडते ती नेमकी हीच.

आणि एक गोष्ट आपल्यावाचून मुळीच होणार नाही. आकाशदर्शनाचे कार्यक्रम रात्री असतात, गावाबाहेर उघड्यावर असतात. मुलगे येतात. मुली सातवीपर्यंत येतात, आठवीनंतर दिसेनाशा होतात. त्यांची आवड संपलेली नसते. त्यांना परवानगी मिळत नाही. घरच्यांची काळजी मी खोटी म्हणत नाही. पण ज्या रात्री चार आया चटई आणि थर्मास घेऊन बरोबर निघतील, त्या रात्री पंधरा मुलींना शनीची कडी दिसतील. कोण जाणे, त्यांतली एखादी पुढे दुर्बिणीच्या त्या टोकाला आयुष्यभर बसेल. तिला विज्ञान शिकवणे आपल्याला जमले नाही तरी चालेल. तिच्यासोबत आपण गेलो, एवढे पुरे.

तेव्हा माझी मंडळाला तीन विनंत्या आहेत. येत्या ६ मेला दुपारी बाराला पेठेतील मुलामुलींना एकत्र करावे, आणि त्याआधी पुण्यातील व साताऱ्यातील एकेका शाळेशी बोलून ठेवावे. मृगापूर्वी निदान दहा जणींनी आपापल्या माहेरी पावसाची बाटली पाठवावी. साडीचोळी माहेरहून येते, बाटली सासरहून जाऊ द्या. आणि मंडळाच्या कपाटात हिशेबाच्या वहीशेजारी एक नवी वही ठेवावी, तिच्यावर दोघींची नावे घालावीत.

आक्का, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते आता मिळाले असेल. मोजणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांनी काल काय मोजले, हे आज सकाळी आठवणीने विचारणारे कुणी नाही. ते विचारणे आपण पत्करले, तर मुले मोजत राहतील.